शहराची वेस ते गावाची शीव : स्थानिक रस्त्याचे रुंदीकरण, नियोजन आणि निधी

मुंबई बेट आणि ठाणे जिल्ह्यातील साष्टी यांच्यामध्ये पूर्वी खाडीचे पाणी होते. शीव येथे खाडीवर बांध घालून रस्ता करण्याचे काम गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी पुरे झाले. रहदारी वाढत गेली आणि तो रस्ता अपुरा पडू लागला. १८२६ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, त्याची रुंदी दुप्पट करण्यात आली. शहर आणि लगतचा जिल्हा यांना जोडणाऱ्या रस्त्याच्या रुंदीकरणाचे आपल्या राज्यातील हे एक जुने उदाहरण होय.

पुढे माहीम ते वांद्रे असा दुसरा मार्ग हवा, अशी मागणी होऊ लागली. तेव्हाच्या सरकारने त्यासाठी पैसा देण्याचे नाकारले. अखेर लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये तो मार्ग खुला झाला. त्यावरून जाणाऱ्यांकडून पथकर घेऊ नये, अशी त्यांची अट होती.

या दोन रस्त्यांच्या कथेत आजच्या कोणत्याही स्थानिक रस्त्याचे सर्व प्रश्न सामावलेले आहेत. रस्ता कोणाच्या हद्दीत आहे? तो किती रुंद हवा? त्यासाठी जागा कोणाची जाणार? पैसा कोणी द्यावयाचा? आणि त्याचा भार अखेर वापरणाऱ्यावर पडावा की सर्व समाजाने उचलावा? आज आवाबाईंसारखा दाता प्रत्येक रस्त्यास मिळणे शक्य नाही. त्याची जागा कायदा, अंदाजपत्रक आणि लोकप्रतिनिधींच्या समित्या यांनी घेतली आहे. या यंत्रणेचे कार्य कसे चालते, ती कोठे अडते आणि ती सुरळीत चालावी म्हणून पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांना काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रस्ता कोणाचा?

आपल्या देशात रस्त्यांचा एकत्रित विचार प्रथम केला तो १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे तिचे अध्यक्ष होते. रस्त्यांचा विकास हा स्थानिक संस्थांच्या आवाक्यापलीकडे जात असून त्यासाठी स्वतंत्र निधी हवा, हे त्या समितीने दाखवून दिले. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. पुढे १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथे भरली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्यमार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही वर्गवारी त्या नागपूर योजनेतून रूढ झाली.

महाराष्ट्रात या वर्गवारीचा संबंध थेट जबाबदारीशी आहे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग हे जिल्हा परिषदेकडे असतात. १९६१ च्या अधिनियमान्वये १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, तेव्हापासून ग्रामीण रस्ते हा त्यांच्या कामाचा मोठा भाग राहिला आहे. नगरपालिका वा महानगरपालिका यांच्या हद्दीतील शहरी रस्ते त्या त्या संस्थेकडे असतात.

यामुळे असे होते की, बाजारपेठेच्या चौकातून निघालेला माणूस एकाच रस्त्याने गावी पोहोचतो. परंतु त्या वाटेवर त्याने दोन, कधी तीन मालकांचे रस्ते ओलांडलेले असतात. त्याच्या लेखी रस्ता एकच असतो. दप्तरात मात्र त्याचे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याचे अंदाजपत्रक निराळे असते. जिल्हा परिषदेने आपला भाग रुंद केला आणि नगरपालिकेचा भाग अरुंद राहिला, तर रुंद भागात वेगाने आलेली वाहने शहराच्या वेशीपाशी येऊन तुंबतात. रुग्णास घेऊन निघालेली गाडी दहा किलोमीटर जलद येते आणि शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये अडकते. अशा वेळी दहा किलोमीटरवर केलेल्या खर्चाचे अर्धे फळ वाया गेले, असेच म्हणावे लागेल.

शहराची हद्द वाढते तेव्हा हा प्रश्न अधिक बिकट होतो. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट करण्यात आली. हद्द बदलली की रस्त्याचे पालकत्व बदलते. हस्तांतराच्या काळात जुन्या संस्थेने खर्च थांबविला आणि नव्या संस्थेने तो सुरू केला नाही, तर रस्ता पोरका होतो. म्हणून गाव शहरात येण्याचा संभव दिसू लागताच, आपल्या हद्दीतील प्रत्येक रस्त्याचा क्रमांक, लांबी, रुंदी व जागेची मालकी यांची नोंद ग्रामपंचायतीने तयार ठेवणे अगत्याचे आहे.

गरज किती, हे कसे ठरते?

रुंदीकरणाची मागणी सहसा गर्दी पाहून केली जाते. गर्दी डोळ्यांनी दिसते हे खरे. परंतु अंदाजपत्रकास आधार लागतो तो मोजणीचा. अभियंते रस्त्यावरील वाहनांची सात दिवस, रात्रंदिवस गणती करतात आणि तीवरून एका दिवसाची सरासरी काढतात. मात्र सायकल आणि उसाची बैलगाडी यांना रस्त्यावर सारखीच जागा लागत नाही. म्हणून प्रत्येक वाहनाचे मोटारीच्या प्रमाणात मूल्य ठरविलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोटार अथवा रिक्षा यांचे मूल्य १, दुचाकी व सायकल यांचे ०.५, हलक्या मालवाहू टेम्पोचे १.५, बस व ट्रक यांचे ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टरचे ४.५ आणि मोठ्या बैलगाडीचे ८ असे धरले जाते. बैलगाडी आठ मोटारींइतकी धरण्याचे कारण तिचा आकार नसून तिची संथ गती हे आहे. तिच्यामागे सर्व रहदारी खोळंबते.

उदाहरणादाखल एक कल्पित रस्ता घेऊ. नगरपालिकेच्या चौकापासून मोठ्या बाजारगावापर्यंत त्याची लांबी १२ किलोमीटर आहे. त्यापैकी २ किलोमीटर नगरपालिका हद्दीत असून १० किलोमीटर हा जिल्हा परिषदेचा इतर जिल्हा मार्ग आहे. डांबरी भागाची रुंदी ३.७५ मीटर, म्हणजे एकेरी आहे. वाटेत साखर कारखाना आहे. गळीत हंगामात केलेल्या गणतीत दररोज ७०० मोटारी व रिक्षा, १,८०० दुचाकी, ४०० सायकली, २०० टेम्पो, १५० बसगाड्या व ट्रक, १६० ट्रॉलीसह ट्रॅक्टर आणि ६० मोठ्या बैलगाड्या आढळल्या. वरील मूल्यांनी गुणून बेरीज केली असता ७०० + ९०० + २०० + ३०० + ४५० + ७२० + ४८० मिळून ३,७५० मोटार-एकके होतात.

सपाट प्रदेशातील एकेरी रस्त्याची क्षमता दिवसाला २,००० एकके, ५.५ मीटर रुंदीच्या मध्यम रस्त्याची ६,००० आणि ७ मीटरच्या दुपदरी रस्त्याची १५,००० एकके मानली जाते. याचा अर्थ, आपल्या उदाहरणातील रस्ता क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट भार वाहत आहे. साडेपाच मीटर रुंदी केल्यास आजची गरज भागेल. परंतु रहदारी दरसाल ५ टक्क्यांनी वाढली, तर दहाव्या वर्षी ती ६,१०० एककांच्या घरात जाईल आणि रुंद केलेला रस्ता पुन्हा अपुरा पडेल.

यावर एक शहाणपणाचा मार्ग आहे. जागा पुढील काळाच्या गरजेनुसार एकदाच घ्यावी, मोऱ्या व लहान पूल पूर्ण रुंदीचे बांधावेत आणि डांबरीकरण मात्र आजच्या गरजेपुरते ५.५ मीटर करावे. डांबर पुढे वाढविता येते. अरुंद मोरी मागाहून रुंद करणे खर्चाचे असते आणि रुंद रस्त्यावरील अरुंद मोरी रात्रीच्या वेळी प्राणघातक ठरते.

या ठिकाणी आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. रुंदीकरण गावठाणातून करावयाचे, की गावाबाहेरून वळणरस्ता काढावयाचा? गावठाणातून रस्ता रुंद करणे म्हणजे ओटे, पडव्या, दुकाने आणि कित्येकदा राहती घरे काढणे होय. शिवाय रस्ता रुंद झाला की वाहनांची गती वाढते आणि शाळेच्या फाटकासमोरून ट्रक भरधाव जाऊ लागतात. वळणरस्त्यास शेतजमीन जास्त लागते आणि गावातील दुकानदारांना गिऱ्हाईक तुटण्याची भीती वाटते. दोन्ही बाजूंना नुकसान आहे. ते मोजून, ग्रामसभेत मांडून मग निर्णय घेतला, तर काम सुरू झाल्यावर विरोध होत नाही.

जागेचा प्रश्न

रुंदीकरण रखडते ते बहुधा डांबराअभावी नव्हे, जागेअभावी रखडते. सपाट व मोकळ्या प्रदेशात ग्रामीण मार्गासाठी १२ मीटर, इतर जिल्हा मार्गासाठी १५ मीटर आणि प्रमुख जिल्हा मार्गासाठी २५ मीटर रुंदीची जागा असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. प्रत्यक्षात अनेक रस्ते मूळच्या गाडीवाटा आहेत. आपल्या उदाहरणात सध्याची जागा ९ मीटर आहे असे धरू. ती १५ मीटर करावयाची, तर १० किलोमीटर लांबीत ६०,००० चौरस मीटर, म्हणजे ६ हेक्टर किंवा सुमारे १५ एकर जमीन लागेल.

पंधरा एकर ही संपूर्ण तालुक्याच्या दृष्टीने क्षुल्लक बाब आहे. परंतु ती शेकडो खातेदारांमध्ये विभागलेली असते आणि भार सर्वांवर सारखा पडत नाही. एकाचा बांध तीन मीटर आत सरकतो, तर दुसऱ्याची रस्त्याकडेची विहीरच जाते. ज्याची विहीर गेली त्याचे उरलेले शेत कोरडवाहू होते. ‘विकासासाठी थोडा त्याग करावा’ असे सर्वांना सरसकट सांगणे म्हणूनच न्यायाचे होत नाही. कोणाचा त्याग किती आहे, हे मोजणीनंतर गटवार पाहावे लागते.

भूमिसंपादनाचा २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आला आणि १८९४ चा जुना कायदा संपुष्टात आला. नव्या कायद्यानुसार जमिनीचा बाजारभाव ठरवून ग्रामीण भागात त्यास १ ते २ या दरम्यानच्या गुणकाने गुणले जाते. शहरापासूनच्या अंतरानुसार राज्य शासन हा गुणक ठरविते. त्यात झाडे, विहीर, बांधकाम यांचे मूल्य मिळविले जाते आणि येणाऱ्या रकमेइतकेच दिलासा मूल्य, म्हणजे १०० टक्के, वर दिले जाते. समजा जमिनीचा बाजारभाव १० लाख रुपये आणि गुणक २ असेल, तर २० लाख अधिक २० लाख असे ४० लाख रुपये मिळतील. झाडे व विहीर यांचे मूल्य असल्यास रक्कम त्या प्रमाणात वाढेल.

यात शेतकऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. बाजारभाव ठरविताना मुद्रांक शुल्कासाठीचा शासकीय दर आणि आसपासच्या गेल्या तीन वर्षांतील खरेदीखतांतील दर हे दोन्ही पाहिले जातात. खरेदीखतांपैकी जास्त दराची निम्मी खते घेऊन त्यांची सरासरी काढली जाते. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खरेदीखतात कमी किंमत दाखविण्याची प्रथा ज्या गावात असते, त्या गावातील कागदोपत्री भाव खालचा राहतो आणि संपादनाच्या वेळी साऱ्या गावाचे नुकसान होते. एकाने वाचविलेल्या शुल्काची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागते.

दुसरी अडचण सातबारावरील नोंदींची. आजोबांचे नाव उताऱ्यावर तसेच राहिले, वारसनोंद झाली नाही, पोटहिस्सा मोजला गेला नाही, की मोबदला कोणास द्यावयाचा हा वाद उभा राहतो. रक्कम संबंधित प्राधिकरणाकडे जमा होते, जमीन जाते आणि कुटुंब मात्र वर्षानुवर्षे खेपा घालीत राहते. रुंदीकरणाची चर्चा सुरू होताच तलाठी कार्यालयातील नोंदी अद्ययावत करून घेण्याची मोहीम ग्रामपंचायतीने हाती घेतली, तर या दुःखापासून पुष्कळांचा बचाव होईल.

नगरपालिका हद्दीतील चित्र निराळे आहे. तेथे १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वये तयार झालेल्या विकास योजनेत रस्त्याची भावी रुंदी दाखविलेली असते. ती जागा तीन प्रकारे ताब्यात घेता येते : मालकाशी करार करून रोख मोबदला देणे, मोबदल्याऐवजी चटईक्षेत्र किंवा विकास हक्क हस्तांतराचे प्रमाणपत्र देणे, अथवा भूमिसंपादन करणे. विकास हक्काचा मार्ग नगरपालिकेची तिजोरी वाचविणारा आहे. मात्र त्या शहरात बांधकामाला मागणी असेल तरच त्या कागदाला किंमत येते. लहान गावात मालक रोख रकमेचाच आग्रह धरतो आणि त्यात त्याचे काही चुकते असे म्हणता येत नाही.

नकाशावर रेघ ओढली म्हणजे रस्ता झाला, असे समजणेही बरोबर नव्हे. योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादन झाली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. दिरंगाईचा फटका अशा रीतीने भावी पिढीला बसतो.

पैशाचे मार्ग

आता निधीचा विचार करू. पुढील आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. जिल्हा परिषदेच्या १० किलोमीटर भागात बांधकामाचा खर्च किलोमीटरला १ कोटी, म्हणजे १० कोटी. ६ हेक्टर जमिनीचा मोबदला हेक्टरी ५० लाखांप्रमाणे ३ कोटी. एकूण १३ कोटी. नगरपालिकेच्या २ किलोमीटर भागात गटारे, पदपथ, दिवे यांसह किलोमीटरला दीड कोटी, म्हणजे ३ कोटी. ९ मीटर वाढीव रुंदीसाठी १.८ हेक्टर जागा, हेक्टरी ५ कोटींप्रमाणे ९ कोटी. एकूण १२ कोटी. सर्व मिळून २५ कोटी.

या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते. लांबीने सहावा हिस्सा असलेला शहरी भाग खर्चाचा जवळजवळ निम्मा हिस्सा घेतो आणि त्यातही तीन चतुर्थांश रक्कम जागेची असते. ‘आमच्या हद्दीत अवघे दोन किलोमीटर आहेत’ हे नगरपालिकेचे म्हणणे आणि ‘आमचा माल तर शहरासाठीच येतो’ हे गावकऱ्यांचे म्हणणे, दोन्ही आपापल्या परीने खरे असते. केवळ लांबीवर किंवा केवळ हद्दीवर खर्चाची वाटणी केली, तर तडजोड होत नाही.

ग्रामीण भागासाठी पैशाचे मार्ग कोणते? जिल्हा वार्षिक योजनेतून ‘५०५४ रस्ते व पूल’ या भांडवली लेखाशीर्षाखाली बांधकामासाठी आणि ‘३०५४’ या लेखाशीर्षाखाली मुख्यत्वे दुरुस्ती व परिरक्षणासाठी तरतूद होते. १९९५-९६ मध्ये नाबार्डमध्ये स्थापन झालेल्या ग्रामीण पायाभूत विकास निधीतून राज्य शासनास कर्ज मिळते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. आरंभी तिचा भर न जोडलेल्या वस्त्यांना बारमाही रस्ता देण्यावर होता. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्यात शेतबाजार, उच्च माध्यमिक शाळा व रुग्णालये यांना जोडणाऱ्या मुख्य ग्रामीण मार्गांची दर्जावाढ हे उद्दिष्ट ठेवण्यात आले. २०१५ मध्ये राज्याने मुख्यमंत्री ग्रामसडक योजनाही सुरू केली. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नात जमीन महसुलावरील उपकर आणि मुद्रांक शुल्कातील हिस्सा यांचा समावेश होतो. पण रुंदीकरणाचा मोठा भार पेलण्याइतके ते उत्पन्न नसते. रहदारी पुरेशी वाढली असेल, तर इतर जिल्हा मार्गाची प्रमुख जिल्हा मार्ग म्हणून दर्जोन्नती करून तो सार्वजनिक बांधकाम विभागाकडे सोपविण्याचा प्रस्तावही जिल्हा परिषदेस करता येतो.

नगरपालिकेकडे मालमत्ता कर, शासकीय अनुदाने आणि १९९२ च्या सुधारणेने आलेला विकास आकार हे मार्ग आहेत. विकास आकार बांधकाम परवानगीच्या वेळी वसूल होतो. रुंदीकरणामुळे रस्त्यालगतच्या भूखंडांची किंमत वाढते. त्या वाढीतील काही वाटा रस्त्याकडे परत यावा, हे या आकारामागील तत्त्व आहे. माहीमच्या मार्गावर पथकर नको, असे आवाबाईंनी बजावले होते. स्थानिक रस्त्यावर रोजच्या भाजीवाल्याकडून व दूधवाल्याकडून पथकर घेण्यापेक्षा ज्यांची मालमत्ता रस्त्यामुळे महाग झाली त्यांच्याकडून वाटा घेणे हे अधिक न्याय्य आहे, असे मानावयास हरकत नाही.

एकत्र बसण्याची जागा

शहर आणि जिल्हा यांना एका टेबलाशी आणणारी व्यवस्था आपल्या घटनेतच आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली आणि महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ मध्ये अधिनियम केला. या समितीतील किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नागरी संस्था यांच्या निर्वाचित सदस्यांमधून, ग्रामीण व नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात निवडले जावयाचे असतात. पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असतात. पंचायती आणि नगरपालिका यांच्या योजनांचे एकत्रीकरण करणे हे तिचे घटनादत्त काम आहे. वेशीवर तुटणारा रस्ता सांधण्यास याहून योग्य जागा नाही.

व्यवहारात एक मोह टाळावा लागतो. प्रत्येक सदस्यास आपल्या भागातील काम हवे असते आणि ते स्वाभाविक आहे. परंतु उपलब्ध रक्कम थोडी थोडी सर्वांना वाटली, तर दहा किलोमीटरच्या रस्त्यास दरसाल एक किलोमीटर मिळते. दहावा किलोमीटर पुरा होईपर्यंत पहिला उखडलेला असतो. दरम्यान खर्चही वाढतो. २५ कोटींचे काम दरसाल ६ टक्क्यांनी महाग होत गेले, तर पाच वर्षांत ते ३३ कोटींवर जाते. या वाढीव आठ कोटींत रस्त्याची एक मीटरही लांबी वाढत नाही. यंदा मोजकी कामे हाती घेऊन ती तीन वर्षांत पुरी करणे आणि बाकीच्यांचा क्रम लेखी ठरवून देणे, हे अधिक हिताचे होय. ज्याचा क्रम तिसऱ्या वर्षी आहे त्याला तो कागदावर दिसला, तर तो थांबण्यास तयार होतो.

दोन संस्थांचे काम एकाच निविदेत व्हावे यासाठी ‘ठेव अंशदान’ पद्धतीचा उपयोग होतो. नगरपालिका आपल्या हिश्शाची रक्कम काम करणाऱ्या विभागाकडे जमा करते आणि पूर्ण बारा किलोमीटरचे काम एकाच देखरेखीखाली होते. तत्पूर्वी दोन्ही संस्थांच्या सभांनी एकाच मसुद्याचा ठराव करावा. त्यात हिश्शाची रक्कम, ती जमा करण्याच्या तारखा, जागा ताब्यात देण्याची जबाबदारी आणि काम पूर्ण झाल्यावर कोणता भाग कोणी सांभाळावयाचा, या चार बाबी असाव्यात.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. सर्वेक्षण, मोजणी, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, जागेचा ताबा, निविदा आणि मग कार्यारंभ आदेश, असा तो असावा. जागा हाती नसताना निविदा काढली, तर ठेकेदार जेथे अडथळा नाही तेथे काम करतो आणि रस्त्याचे तुकडे पडतात. विजेचे खांब, पाण्याच्या वाहिन्या व दूरध्वनीच्या तारा हलविण्याचा खर्च आरंभीच्याच अंदाजपत्रकात धरावा. रस्त्याकडेचे जुने वड व चिंचा तोडण्यास कायद्यान्वये परवानगी लागते. शक्य तेथे रस्त्याची मध्यरेषा थोडी सरकवून ती झाडे वाचवावीत, कारण शंभर वर्षांची सावली कोणत्याही अंदाजपत्रकातून विकत घेता येत नाही.

रस्ता झाल्यानंतर

रुंद रस्त्याची खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात होते. बाजूच्या चरातून पाणी निघून गेले नाही, तर डांबराखालचा थर भिजतो आणि रस्ता खचतो. शेतात जाण्यासाठी चर बुजविणे ही आपल्याकडील नित्याची गोष्ट आहे. तेथे नळ टाकून मोरी करण्याची तरतूद मूळ कामातच असावी. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ठेकेदारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. तसेच बंधन इतर कामांच्या करारातही घालता येते.

दुसरा शत्रू अतिक्रमणाचा. रस्ता रुंद होताच दोन्ही बाजूंना टपऱ्या व बांधकामे उभी राहतात आणि दहा वर्षांत तो पूर्वीइतकाच अरुंद होतो. महामार्गांसाठी १९५५ च्या अधिनियमात इमारतरेषा व नियंत्रणरेषा यांची तरतूद आहे. अशा रेषेचे पालन करूनच बांधकाम परवानगी देण्याचा निर्धार ग्रामपंचायतीने केला, तर पुढच्या रुंदीकरणाच्या वेळी घरे पाडण्याची आपत्ती टळेल. आजचा नकार उद्याच्या कुटुंबाचे छप्पर वाचवितो.

कोणी काय करावे?

पंचायत सदस्यांनी पाच कागद मिळवून ग्रामसभेपुढे ठेवावेत : रस्त्याचा क्रमांक व वर्ग, वाहनगणतीचा तक्ता, बाधित गटांची यादी, अंदाजपत्रकाचा गोषवारा आणि नगरपालिकेच्या विकास योजनेतील त्याच रस्त्याची रुंदी. शेवटचा कागद सहसा कोणी मागत नाही. परंतु आपल्या १५ मीटर रस्त्यापुढे शहरात किती रुंदीचा रस्ता येणार आहे, हे त्यावरूनच कळते.

शिक्षकांना यात मोलाचे साह्य करता येईल. शाळेतील वरच्या वर्गातील मुलांना शाळेच्या आवारातूनच तासाभराची वाहनगणती करावयास लावली, तर गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांचा एकत्र पाठ होतो. ही गणती अभियंत्यांच्या गणतीची जागा घेऊ शकत नाही. परंतु शाळा सुटण्याच्या वेळी फाटकासमोरून किती ट्रक जातात, हे ग्रामसभेला सांगण्यास ती पुरेशी आहे. गतिरोधक, सूचनाफलक व पदपथ यांची मागणी त्या आधारे करता येते.

अधिकाऱ्यांकडून अपेक्षा एवढीच की, मोजणीचा दगड शेतात रोवण्यापूर्वी शेतकऱ्यास रेषा कोठून जाते आणि मोबदला कसा ठरतो, हे त्याच्या भाषेत समजावून सांगावे. ज्याची जमीन जाणार आहे त्याला ही बातमी प्रथम यंत्राच्या घरघरीतून कळू नये.

शीवचा रस्ता दुप्पट रुंद झाला, त्या गोष्टीस दोनशे वर्षे होत आली. बेट आणि जिल्हा यांमधील खाडी तेथे कधीच बुजली. वेशीवरची जी दरी अजून शिल्लक आहे ती दोन दप्तरांमधील आहे. ती बुजविण्यासाठी लागणारा कायदा, निधीचे मार्ग आणि समिती या तिन्ही गोष्टी आपल्याजवळ आहेत. दोन्ही सभागृहांत एकाच मसुद्याचा ठराव मांडणारा एक सदस्य इकडे आणि एक तिकडे उभा राहिला, तर कामास प्रारंभ होईल.